पोलादाची पाटी

परीक्षेच्या दिवशी सकाळी अण्णांनी माझ्या मापाचा कोट इस्त्रीला दिला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या आणि छातीवर पिवळ्या रेशमानं भरलेलं ‘ऐवळे मास्तर ब्रास बँड’. परीक्षा भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलची होती, तेव्हा कोट तिच्यासाठी नव्हता हे उघड आहे.

“सांजच्याला कोष्टी आळीची वरात हाय,” अण्णा म्हणाले. “म्हादू तर गेला पुण्याला लेकाकडं. युफोनियम कोण फुकायचं?”

“अण्णा, माझी परीक्षा आहे.”

“मी कुठं न्हाई म्हनतो? परीक्षा दिऊन ये. वरात काय सकाळी निघती व्हय?”

“आणि मी पास झालो तर?”

“पास हून वाजीव की. पास झाल्याल्या मानसाचं फुफ्फुस काय बंद पडतं का?”

माझं वाईट व्हावं असं अण्णांना कधीही वाटलं नाही. मी नापास झालोच, तर त्यात देवाची काहीतरी चांगली योजना असणार आणि त्या योजनेत युफोनियम असणार, एवढीच त्यांची श्रद्धा होती. गेले दोन आठवडे ते वाद्य चिंचेनं घासून माझ्या उशाशी ठेवलेलं असे. सकाळी डोळे उघडले की त्याच्या कर्ण्यात मला माझा चेहरा दिसायचा. सुजलेला.

माझी अवस्था हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी होती. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांचे सगळे विषय मी या ना त्या मार्गानं पार केले होते. पहिल्या वर्षाचं हे एक प्रॅक्टिकल तेवढं दोनदा गेलं होतं. सूतगिरणीच्या तपासणी खात्यात माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवलेली होती, पण तिच्यावर बसायला पदवी लागत होती, आणि पदवी या शेपटाला अडकली होती. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता. म्हणजे यंदा राहिलो तर पहिल्यापासून सुरुवात, आणि त्यासाठी अण्णांपाशी पैसा नव्हता, कोट होता.

ज्या प्रयोगानं मला दोनदा आडवं केलं, तो सांगतो. तुळईला शेजारी शेजारी दोन तारा टांगलेल्या असतात. एकीला कायमचं वजन. तिनं नुसतं ताठ उभं राहायचं. दुसरीला आपण एकेक वजन वाढवत जायचं. तार ताणली की दोघींच्या मध्ये बसवलेल्या, गवंड्याच्या लेव्हलसारख्या काचेच्या नळीतला बुडबुडा सरकतो. स्क्रू फिरवून त्याला मध्यावर आणायचं आणि स्क्रू किती फिरला ते लिहायचं. मग तारेची जाडी मोजायची आणि सगळं मिळून आकडेमोड करायची. उत्तर येतं ते त्या धातूचा ताठपणा सांगतं. पोलादाचं उत्तर वीसच्या आसपास. पुढे दहा शून्यं असतात, ती इथे सोडून देऊ. पहिल्या खेपेला मी ती तिथेही सोडली होती.

हा प्रयोग करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक पुस्तकातली, वजनाकडून उत्तराकडे जाण्याची. दुसरी आमच्या कॉलेजातली. तिला ‘उत्तराकडून येणं’ म्हणत. वीस हे उत्तर सगळ्यांना ठाऊक. मग तिथून उलट चालत येऊन तार किती ताणली असेल ते काढायचं, खरं वाटावं म्हणून मध्ये एखादा आकडा जरा हलवायचा आणि वेळ उरला तर खिडकीतून बाहेर बघायचं. पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशी पास झाली होती. त्यात कुणाला पाप वाटत नसे. पोलाद काही आमच्यासाठी बदलणार नव्हतं.

उलट चालायला मात्र डोकं लागतं. पहिल्या खेपेला उत्तराकडून येताना माझा पाय घसरला आणि तारेची जाडी कॉलेजच्या पाण्याच्या पाइपाएवढी निघाली. दुसऱ्या खेपेला जाडी सांभाळली, तर तार तिच्या स्वतःच्या लांबीहून जास्त ताणली गेली. “वजनासाठी जमिनीत खड्डा घेतला होता का?” असं तेव्हाच्या परीक्षकांनी विचारलं, आणि मी घाईत हो म्हणालो.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी प्रयोग करायचं ठरवलं. प्रामाणिकपणाचा यात संबंध नव्हता. दुसरा उपाय उरला नव्हता.

*

बाहेरून परीक्षक येणार म्हटलं की आमचे विभागप्रमुख उमराणीकर सर स्वतः स्टँडवर जात. चहा, मग प्रयोगशाळेवरून एक नजर, मग दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण, मग स्टाफरूममधल्या पंख्याखाली विश्रांती. चारच्या सुमाराला परीक्षक उठत, चूळ भरत आणि सह्या करत. परीक्षा अशी खेळीमेळीनं होई.

त्या वर्षी कोल्हापूरहून प्राध्यापिका माणगावे मॅडम आल्या. आडनावावरूनच सरांना रश्श्याची काळजी लागली असणार. मॅडम जैन होत्या. त्यांच्या हातात छत्री होती आणि छत्रीपेक्षा जपून धरलेला डबा होता.

“दुपारच्या जेवणाचं आमच्याकडे...” सरांनी सुरुवात केली.

“डबा आहे.”

“मग थोडी विश्रांती...”

“मी दुपारी झोपत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि रजा मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तशा सरांकडे बघत राहिल्या.

आमच्या बॅचमध्ये तारेचा प्रयोग चौघांना आला. चार खिळ्यांना तारांच्या चार जोड्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक जोडीवर सरांच्या वळणदार अक्षरात, ऑइलपेंटनं रंगवलेली पाटी : ‘तार : पोलाद’. माझ्या उजवीकडे हेमलता कुरणे होती. पहिल्या वर्षात पहिली येणार हे तिचं ठरलेलं होतं. पलीकडे संपत बाबर आणि दिलावर मुल्ला. तिघंही माझ्याहून लहान, त्यामुळे मला दादा म्हणायची. परीक्षेच्या हॉलमध्ये दादा म्हणवून घेण्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

तारांवर ग्रीसचा काळा थर होता. गंजू नयेत म्हणून दर सुट्टीत सर तो शिपायाकडून लावून घेत. जाडी मोजायची तर ग्रीस पुसायला हवं, म्हणून मी रुमाल काढला.

“दादा,” हेमलता पुटपुटली, “जाडी किती धरली?”

“मोजतोय.”

“मोजताय?” मला ताप भरलाय असं ऐकल्यासारखा तिचा आवाज झाला.

तिची वजनं शिपायानं सकाळी मांडून ठेवली होती तशीच टेबलावर होती. तिचा प्रयोग मात्र संपत आला होता. मी एक वजन चढवत होतो, बुडबुडा मध्यावर आणत होतो, लिहीत होतो, परत दुसरं. सगळी चढवली, सगळी उतरवली. दोन वर्षं मी त्या बुडबुड्याकडे पाहिलंही नव्हतं. तो खरंच हलतो हे बघून मला जरा बरं वाटलं.

उत्तर साडेनऊ आलं.

पुन्हा केलं. पुन्हा साडेनऊ. लाल कोट डोळ्यांपुढे आला, तोही इस्त्री केलेला.

“दादा, किती?” हेमलता.

“साडेनऊ.”

“अहो, मग दोननं गुणा! कुठेतरी दोन राहिला असणार. एकोणीस म्हणजे चालतंय.”

पोरगी मनानं चांगली होती. मी तो दोन घालायला तयारही होतो. पण घालायचा कुठे? जाडीत घातला तर उत्तर भलतीकडेच जात होतं, वजनात घातला तर वजनं पुरत नव्हती. जागा शोधता शोधता वेळ संपली आणि साडेनऊ तसंच राहिलं.

*

मॅडमनी चौघांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हेमलता : वीस. बाबर : एकोणीस पूर्णांक नऊ. मुल्ला : वीस पूर्णांक एक. मी : साडेनऊ.

“हा जुना आहे, मॅडम,” सर हळूच म्हणाले. हळूच म्हणजे आम्हा चौघांना ऐकू जाईल इतकं. “मुलगा तसा सरळ आहे. बँडवाल्या मास्तरांचा. फक्त भौतिकशास्त्राच्या बाबतीत जरा...”

मॅडमनी मला जवळ बोलावलं. “तार कशाची आहे?”

“पोलादाची, मॅडम.”

“कशावरून?”

“पाटीवरून.”

“पाटी सोडून?”

पाटी सोडून काय असतं ते मला माहीत नव्हतं.

“हाताचा वास घ्या,” मॅडम म्हणाल्या.

बाबरनं खालचा ओठ दातात धरला. मी बोटं नाकाशी नेली.

“कसला येतोय?”

“ग्रीसचा.”

“आणि?”

मी पुन्हा हुंगलं. ग्रीसच्या खाली आणखी एक वास होता, आणि तो इतका घरचा होता की त्याचं नाव पटकन आठवेना. आईच्या पदराचा वास कसला, असं कुणी विचारलं तर जसं होईल तसं झालं.

“बँडचा, मॅडम.”

बाबर आणि मुल्ला फुटले. हेमलतासुद्धा हसली. मॅडम हसल्या नाहीत.

“म्हणजे?”

“रविवारी वाद्यं घासतो ना, मॅडम. चिंच लावून. मग दोनदा आंघोळ केली तरी बोटांना राहतो, तो.”

“वाद्यं कशाची?”

आणि उत्तर तोंडातून बाहेर पडायच्या आत मला ते कळलं. खरं सांगायचं तर मी सकाळीच पाहिलं होतं. जिथे जिथे रुमालानं पुसलं, तिथे तिथे तार पिवळी दिसली होती. लहानपणापासून पितळात वाढलेला मी. पण वर पाटी होती, पाटी कॉलेजची होती, आणि विभागप्रमुखांच्या अक्षरात होती. मला वाटलं, कॉलेजातलं पोलाद पिवळं असत असेल.

“पितळेची,” मी म्हणालो.

मॅडमनी माझा रुमाल मागून घेतला. त्याच्या एकंदर रूपाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. पदर खोचून त्या आधी माझ्या तारेपाशी गेल्या आणि वीतभर तार पुसली. पिवळी. मग हेमलताच्या; पिवळी. बाबरच्या, मुल्लाच्या. चार पोलादाच्या पाट्यांखाली चार पिवळ्याधमक तारा खिडकीतल्या उन्हात चमकायला लागल्या. इतकी शोभा आमच्या प्रयोगशाळेला कधी आली नव्हती.

उमराणीकर सर स्टुलावर बसले.

“माझे मेहुणे मिरजेत तानपुरे करतात,” ते म्हणाले. आता ते आमच्याशी बोलत होते की मॅडमशी, ते कळत नव्हतं. “पोलादाच्या तारा तुटल्या होत्या. संस्थेकडे मागणी केली. ती मंजूर होईपर्यंत म्हणून मेहुण्याकडून खर्जाच्या तारेचं एक वेटोळं आणलं. तात्पुरतं.”

“कधी?”

सर आठवू लागले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं मदत केली. “माझं लगीन ठरलं तवा, मॅडम. थोरली आता चौथीत हाय.”

“आणि ग्रीस?”

“गंजू नये म्हणून,” सर म्हणाले.

“पितळ?”

सर पुन्हा एकदा त्या पिवळ्या तारांकडे बघू लागले.

“आणि इतक्या वर्षांत सगळ्यांचं उत्तर वीस?”

इथे मात्र सरांचा चेहरा किंचित उजळला. सवयच ती. “एकोणीसच्या खाली आमच्याकडे कुणी आलेलं नाही, मॅडम. हा एक सोडला तर.”

मी बरोबर होतो. ही गोष्ट ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला, कारण सराव नव्हता. पण मी बरोबर म्हणजे बाकीचे तिघं चूक, आणि ते तिघंही आता माझ्याकडे बघत होते. मघाशी दादा म्हणणारा मुल्ला म्हणाला, “काय ऐवळे, ग्रीस पुसायची काय गरज होती?” हेमलता रडायला लागली. तिला मोठं कारण होतं; तिच्या घरून पहिला नंबर गेला तर कॉलेज बंद अशी अट होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

“रडू नका. जेवून या. मग पुन्हा करू.”

“मॅडम, आता पितळेचं उत्तर काढायचं ना?” बाबरनं हुशारीनं विचारलं. पुस्तकात पितळेचं उत्तरही छापलेलं होतंच.

“बघू,” मॅडम म्हणाल्या, आणि छत्री घेऊन एकट्याच बाजाराच्या दिशेनं निघून गेल्या.

*

आम्ही परतलो तेव्हा चारही खिळ्यांना नव्या तारा होत्या. त्यांच्यावर काळं ग्रीस होतं, तेही सढळ हातानं. मॅडमच्या कोपरापर्यंत त्याचे डाग होते. पाट्या उलट्या केलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं लिहिलेलं होतं : ‘तार : माहीत नाही’.

बाबर पाटीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. उत्तराकडून यायचं तर आधी उत्तर तरी हवं.

“शेवटी धातूचं नावही लिहायचं,” मॅडम म्हणाल्या. “वजन कसं लावायचं, स्क्रू कसा फिरवायचा, हे एकमेकांना विचारलं तर चालेल. आकडा विचारलेला चालणार नाही.” एवढं सांगून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

मी पहिलं वजन उचललं. मग उजवीकडून आवाज आला.

“दादा...”

मी पुन्हा दादा झालो होतो.

“दादा, पहिलं वजन लावलं की लगेच लिहायचं?”

“नाही, नाही. आधी सगळी वजनं दोन-चारदा चढवायची आणि उतरवायची. तारेला वाक असतात. नवी तार एकदम खरं बोलत नाही.”

“आणि मग?”

“मग एकेक. टाकायचं नाही, ठेवायचं. हात काढून घ्यायचा. थांबायचं.”

“किती थांबायचं?”

“बुडबुडा थांबेपर्यंत.”

मुल्लाही येऊन उभा राहिला. बाबरला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नव्हतं, आणि तो विचारताना चिडल्यासारखं करत होता. हे तिघं पुढे पहिल्या वर्गात पास होणार होते, आणि सकाळपर्यंत त्यांनी एकाही वजनाला हात लावलेला नव्हता. मी त्या तारांपुढे उभं राहून दोनदा नापास झालेलो होतो. त्या प्रयोगशाळेत माझ्याइतका अनुभवी माणूस नव्हता. थोड्या वेळानं उमराणीकर सरही आमच्या मागे येऊन उभे राहिले.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण तू सांग.”

मी सांगितलं. जाडी एकाच जागी मोजायची नाही. वर, खाली, मध्ये, आणि आडवी-उभीही मोजायची. मला ते सांगताना फार मजा आली. माझ्या आयुष्यात त्याआधी मला कुणी काही विचारलं होतं ते फक्त ‘वरात कुठवर आली?’ एवढंच.

हेमलतानं आकडेमोड संपवली आणि ती पांढरीफटक पडली.

“दादा,” ती म्हणाली, “वीस येतंय.”

“आकडा सांगायचा नाही,” खिडकीकडून आवाज आला.

“पण मॅडम, खरंच वीस येतंय! मी मोजून काढलंय. आता कुणाला खरं वाटेल?”

“तुम्हाला वाटतंय का?”

हेमलतानं तारेकडे पाहिलं. “हो.”

“मग लिहा.”

या सगळ्या शिकवण्यात माझा स्वतःचा प्रयोग मागे राहिला. शेवटी मी तो घाईघाईनं उरकला. उत्तर पाच आलं. पाच ताठपणाचा कुठलाही धातू मला आठवेना. मी ग्रीस पुसलेली बोटं हुंगली. बँड नव्हता. सायकलची चेन उतरल्यावर हाताला येतो तो वास होता. मी लिहिलं : ‘उत्तर : पाच. तार : पोलाद.’ आणि कागद देऊन बाहेर पडलो.

कोष्टी आळीच्या कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं. जाडी मोजली होती, पण ती निम्मी करून वापरायची असते. निम्मं करायचं राहून गेलं होतं.

*

“झालं का?” अण्णांनी विचारलं.

“निम्मं करायचं राहिलं.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि कोट पुढे केला. हाताची घडी घालून ते बघत राहिले. “खांद्यात बसला बघ. मी म्हनलंच हुतं.”

उन्हं उतरायच्या आधीच वरात निघाली. नवरदेवाला घोड्याची भीती वाटत होती, म्हणून जीप आणली होती. पुढे दोन क्लॅरिनेट, मग ट्रंपेट, मग मी, माझ्यामागे ढोल, आणि सगळ्यांच्या कडेनं उलटं चालत हात हलवणारे अण्णा. मी जीव ओतून वाजवत होतो. नापास झालेल्या माणसाला दुसरं काही करायचं नसतं, त्यामुळे सूर चांगला लागतो.

वरात स्टँडपाशी आली. बाकावर माणगावे मॅडम बसल्या होत्या. मांडीवर रिकामा डबा, बाजूला छत्री. कोल्हापूरची बस लागायची होती. त्यांनी मला पाहिलं. मी कर्ण्यामागे तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण युफोनियम वाजवताना माणूस जितका दिसायला नको तितका दिसतो. त्यांनी छत्री वर केली आणि मला बोलावलं.

मी रांग सोडली. अण्णांच्या डोळ्यांत जे आलं ते तालात बसणारं नव्हतं.

“ऐवळे, गणित चुकलंय.”

“हो, मॅडम. निम्मं करायचं राहिलं.”

“कधी कळलं?”

“कोष्टी आळीत.”

त्यांनी मान हलवली, जणू तेही त्यांना अपेक्षितच होतं. मग त्या माझ्या हातातल्या वाद्याकडे बघत राहिल्या. एक बोट त्यांनी कर्ण्याच्या काठावरून फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं.

“तार बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे, मॅडम...?”

“म्हणजे काय? वाजवा. मागे पडाल.”

बस लागली. त्या डबा आणि छत्री सांभाळत चढल्या आणि त्यांनी खिडकीतून पुन्हा काही बघितलं नाही. मी धावत जाऊन रांगेत घुसलो आणि उरलेल्या वरातीत इतका वरचा सूर लावला की नवरदेव जीपमधून उठून उभा राहिला.

“काय म्हनत हुती बाई?” अण्णांनी हात हलवता हलवता विचारलं.

“वाजवा म्हणाल्या.”

“शानी हाय,” अण्णा म्हणाले.

निकाल जूनमध्ये लागला. गणिताचे मार्क गेले होते. बाकीचे मिळून मी काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला होतो. हेमलताचा पहिला नंबर राहिला. अण्णांनी पेढे वाटले. चेहरा मात्र म्हादू दुसऱ्यांदा पुण्याला गेल्यासारखा होता.

“आता गिरणीत?”

“हो.”

“आन्‌ रविवारी?”

“रविवारी सुट्टी असते.”

“मग कोट आसू दे,” अण्णा म्हणाले.

पुढची सगळी नोकरी मी सुताच्या लडी यंत्रात अडकवल्या, तुटेपर्यंत ताणल्या आणि कुठे तुटल्या ते लिहिलं. त्यात उत्तराकडून येता येत नाही; सूत कुठे तुटणार हे सूतच ठरवतं. काम मला आवडायचं. कोट दोनदा सैल करून घेतला.

हेमलता आता त्याच कॉलेजात आहे, सरांच्या खुर्चीवर. सरांनी निवृत्त होण्याआधी स्वतः ऑइलपेंट आणून चारही पाट्या रंगवल्या होत्या : ‘तार : माहीत नाही’. अक्षर तेच, वळणदार. दोनच वर्षांत सगळ्या पोरांना पाठ झालं की ‘माहीत नाही’चं उत्तर वीस येतं. सीनियर ज्युनियरला सांगू लागले. माहीत नसलेल्याची गाइडंसुद्धा निघाली असती. म्हणून आता दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी हेमलता दार लावून घेते आणि चारही तारा स्वतः बदलते. कुठल्या लावल्या ते शिपायालाही सांगत नाही. मला फोन करते, पण सांगत मलाही नाही.

यंदाही आला, परीक्षा झाल्यावर.

“दादा, एका पोराचं उत्तर कशातच बसेना बघा. पितळ नाही, तांबं नाही, पोलाद नाही.”

“हाताचा वास घ्यायला सांगितलास का?”

“सांगितला की.”

“मग?”

“बराच वेळ हुंगत राहिला. म्हणाला, मॅडम, मला नुसता ग्रीसचा येतोय.”

“आणि तू काय केलंस?”

“काय करणार?” हेमलता म्हणाली. “वजनं नीट ठेवली होती. पास केला.”